कागदावरचे चौदावे वर्ष

आमच्या शाळेमागचे मैदान तांबड्या मुरुमाचे होते. त्यावर अनवाणी धावणाऱ्या मुलींच्या पोटऱ्यांपर्यंत धूळ चढे, आणि शिवण उसवलेला फुटबॉल जमिनीवर आपटला की मडक्यावर थाप पडल्यासारखा आवाज येई. मी वर्गात कविता शिकवत असले तरी माझा एक कान तिकडे असायचा. भाचीच्या डाव्या पायातून सुटलेला चेंडू मला न बघता ओळखू येत असे. तो फारसा वाजत नसे. नुसता जात असे.

ही माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची, मुलगी. आमची घराणी मूळची मेंढरांमागची. मेंढरे गेली, पुढे रानातही भागेना, आणि अक्का व दाजी हैदराबादला इमारतींच्या कामावर गेले. मी बसवकल्याणजवळच्या एका खेड्यात मराठी शाळेत शिक्षिका होते. पोर माझ्याकडे राहिली.

ती आठवीत असताना गुलबर्ग्याला तेरा वर्षांखालील मुलींसाठी फुटबॉलची लीग होणार असल्याचे पत्र शाळेत आले. दर रविवारी सामने, आणि अखेरीस निवडलेल्या मुलींची बंगळूरच्या क्रीडा वसतिगृहात राहण्याची, शिकण्याची सोय. आमचे पी.टी.चे मास्तर दखनीच्या वळणाचे मराठी बोलत. पत्र घडी करून खिशात घालता घालता ते म्हणाले, "बाई, या पोरीचं काम झालं समजा. अल्लानं पाय दिलाय तिला. तुमी नुसता जन्मतारखेचा दाखला लावा."

मी रजिस्टर उघडले. जुन्या कागदाचा तो कोंदट, किंचित गोड वास आला, आणि त्या पानावर माझेच अक्षर होते.

आमच्याकडे मुलाला शाळेत घालताना वय विचारत नसत, मोजत असत. उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लावायचा. बोटे कानाला टेकली की मूल सहा वर्षांचे झाले, असे धरायचे, आणि रजिस्टरात जूनची पहिली तारीख लिहायची. माझ्या वर्गातील निम्मी मुले अशी एकाच दिवशी जन्मलेली होती. अक्का लेकीला घेऊन आली तेव्हा पोर साडेचारचीही नव्हती. दुसऱ्या दिवशी अक्काला हैदराबादची गाडी धरायची होती. पोर वर्गात बसली तर दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर राहील, एवढाच माझा विचार होता. तिची बोटे कानापासून चार अंगुळे दूर राहिली, तेव्हा मी तिची मान हलकेच कलती केली. तेलाने चिकट झालेले तिचे मऊ केस माझ्या तळव्याला लागले. बोटे टेकली. मी सहा वर्षे लिहिली.

आता खरे पाहता तिला बारावे चालू होते. कागदावर चौदावे.

नोंदणी तालुक्याच्या मैदानावर होती. तिथे मुली ओळीने उभ्या होत्या. आमच्याच शाळेतल्या मुलींना तिचे कागदावरचे वय कळले होते.

"ए आज्जे, काठी कुठं इसरलीस?" एकीने विचारले.

"तुझ्या पाठीत घालायला ठिवलीय," भाची म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. तीही हसली. तिला अजून वाटत होते की मावशी बोलली की काम होते.

टेबलामागचे साहेब सभ्य होते. त्यांनी मला खुर्ची दिली. मी रजिस्टरात चूक केल्याचे कबूल करून लेखी अर्ज आणला होता. तो त्यांनी दोनदा वाचला.

"बाई, हितं येणारा हरेक जण वय कमी करायलाच येतो," ते म्हणाले. "तारीख तुमीच लिहिली. आता तुमीच म्हणता ती खोटी. मग यातलं खरं मी कोणतं धरायचं?"

"ही भूकंपानंतर जन्मली," मी म्हणाले. "भिंतींची भीती वाटून आमचं सगळं गाव रानात पाल ठोकून राहत होतं, तेव्हा. कुणालाही विचारा."

"पंचायतीत नोंद हाय?"

नव्हती. त्या दिवसांत पालात जन्मलेल्या पोरीची नोंद करायला कोण जाणार होते? मला मात्र त्या पालाचा गोणपाटाचा वास, अक्काचे घामेजलेले कपाळ आणि बाहेर वाऱ्याने सळसळणारा जोंधळा आजही आठवतो. यातले काहीच टेबलावर ठेवता येण्यासारखे नव्हते.

"कोर्टातून दुरुस्ती आणा, मी घेतो," साहेब म्हणाले. त्याला वर्ष लागले असते. नोंदणी संध्याकाळी बंद होणार होती, आणि मोठ्या मुलींसाठी लीग नव्हतीच.

ओळीतली पुढची मुलगी भाचीहून वीतभर उंच होती. तिचे कागद बरोबर होते. मास्तर दूर जाऊन उभे राहिले आणि बराच वेळ पाठमोरेच होते.

परतीच्या बसमध्ये पोर खिडकीशी बसली होती. तिच्या अंगाला मुरुमाचा आणि उन्हाचा वास येत होता.

"मावशी, मी कवा जन्मले ते तुला ठाव हाय न्हवं?"

"व्हय."

"मग त्यान्ला सांगायचं की."

"सांगितलं."

"मग?"

आयुष्यभर मी शब्दांवर विसंबून राहिले होते. हुमनाबादच्या फाट्यावर बस थांबली तेव्हा मी तिला शेंगांची पुडी घेऊन दिली. ती रडली असती तर मी तिला जवळ घेतले असते. ती रडली नाही.

रविवारी मास्तर संघ घेऊन गुलबर्ग्याला जात. सोमवारी मुली गोलांच्या गोष्टी सांगत, आणि ही नीट ऐकून घेई. कोणी चुकले तर कसे मारायला हवे होते तेही सांगे. पुढे पुढे तिने ते सांगणे बंद केले.

परीक्षा झाल्यावर अक्का तिला न्यायला आली. दाजींची पाठ गेली होती. घरात कमावणारे दोन हात कमी झाले होते. मी शाळेचे, हायस्कूलचे, माझ्या पगाराचे सगळे बोलून पाहिले. अक्का शांतपणे ऐकत, जात्यावरच्या पिठासारखी पांढुरकी झालेली आपली बोटे चोळत राहिली. त्या बोटांत सिमेंट होते.

"तू लई केलंस माझ्या लेकरासाठी," ती म्हणाली. "आन तवा वय वाढवून लावलंस ते तर बरंच झालं बघ. मुकादम आता कागद मागायलाय. चौदाच्या आतली घेत न्हाईत म्हणं. हिला या जूनला पुरी व्हत्यात."

शाळा सोडल्याचा दाखला लिहिण्याचे काम माझ्याकडेच असे. रजिस्टरात आहे तेच उतरवायचे, असा नियम. मी जन्मतारखेच्या रकान्यात ती तारीख लिहिली, आधी अंकांत, मग अक्षरांत. मुख्याध्यापकांनी सही केली, मी शिक्का मारला, आणि कागद अक्काच्या हातात दिला.