लॉन्ड्रीला मिळालेली दहा मिनिटं

रुग्णालयाच्या तळघरातल्या लॉन्ड्रीत मावशींची बावीस वर्षं गेली. त्यांतली अठरा जोडीदारणीसोबत. चादरीची दोन टोकं एकीनं धरायची, दोन दुसरीनं. झटकायची आणि पुढं येऊन घडी जुळवायची. दिवसातून दोन-तीनशे वेळा त्या अशा समोरासमोर यायच्या. मशीनच्या घरघरीत बोलायचं म्हणजे ओरडायचंच. मावशींचा आवाज इतका दणदणीत, की जोडीदारीण त्यांना ‘तोफ’ म्हणायची.

मग एकदा वॉर्डातून आलेल्या गाठोड्यात सुई राहिली आणि ती जोडीदारणीच्या तळहातात घुसली. सहा महिने रक्ताच्या तपासण्या चालल्या. निघालं काहीच नाही, पण तिची झोप उडाली ती उडालीच. नोकरी सोडताना ती म्हणाली, “रक्ताच्या चादरी नीट बघून, वेगळ्या पिशवीत यायला लागल्या की सांग. दुसऱ्या दिवशी हजर होते बघ.”

हे तिनं मनापासून म्हटलं की जाताना काहीतरी म्हणायचं म्हणून, याच्या खोलात मावशी शिरल्या नाहीत. भिंतीत दोन खुंट्या ठोकून घेतल्या, चादरीची पलीकडची टोकं त्यांना अडकवायला लागल्या आणि अर्ज करत राहिल्या. चौथ्या अर्जाला उत्तर आलं: गुरुवारच्या बैठकीत दहा मिनिटं बोला.

ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्यानं सहा स्लाइड करून दिल्या. “मावशी, स्लाइड वाचून दाखवायच्या नाहीत बरं का. लोकांकडे बघून बोलायचं.”

“बघायला लोक कुठून आणू?”

तो खो खो हसला. मावशींनी गंमत केली नव्हती.

घरी एक खोली, एक खुर्ची. त्यांनी बहिणीला फोन लावला आणि भाषण सुरू केलं. पलीकडून भांड्यांचा आवाज येत होता. “ऐकतेय गं, बोल तू. सूनबाई, दूध! दूध उतू चाललंय!” तिसऱ्या स्लाइडपाशी मावशी थांबल्या. थांबल्याचं बहिणीच्या लक्षातही आलं नाही.

मग त्यांनी लॉन्ड्रीतच सराव केला. मोठ्या मशीनची कपडे खळबळायची फेरी बरोबर दहा मिनिटांची. मशीन पाणी घ्यायला लागलं की मावशी घड्यांच्या ढिगांसमोर उभ्या राहून सुरुवात करायच्या आणि पाणी जायला लागलं की आभार मानायच्या. आठ दिवसांत सगळं तोंडपाठ झालं.

गुरुवारी बैठकीच्या खोलीत गालिचा होता, खिडक्या बंद होत्या. पंख्याचासुद्धा आवाज नाही. मावशी उभ्या राहिल्या आणि पहिलंच वाक्य असं फुटलं, की मेट्रनबाईंच्या हातातला चहा बशीत सांडला.

“मावशी,” मोठे साहेब म्हणाले, “आम्ही इथंच बसलोय हो, पलीकडच्या इमारतीत नाही!”

हशा पिकला. मावशींचं पुढचं वाक्य गेलं. त्यामागची सगळीच गेली. पडद्यावरची स्लाइड परक्या माणसासारखी दिसायला लागली.

“साहेब,” त्या म्हणाल्या, “बावीस वर्षं मशीनपाशी काढली. आवाज कुठून कमी करतात तेच विसरले.”

पुन्हा हसले सगळे, पण या हसण्यात त्यांनाही जागा होती. कोपऱ्यातल्या रिकाम्या टेबलावरचं कापड त्यांनी ओढून घेतलं. “मेट्रनबाई, जरा येता? ही दोन टोकं धरा. आता झटका. या पुढं.”

मेट्रनबाईंना कुठं थांबायचं ते कळेना. त्या फारच जवळ आल्या. मावशींनी त्यांचे हात धरून थांबवले आणि घडीवर टेकवले.

“आता बघा, तुमचा पंजा कापडावर सपाट आहे. गाठोडं सोडतानाही असाच असतो. आत काय राहिलंय, दिसतं का?”

मेट्रनबाईंनी आपला तळहात उलटून पाहिला. कुणी हसलं नाही. “माझी जोडीदारीण इथं उभी राहायची,” मावशी म्हणाल्या. एवढं मात्र हळू आलं.

दोन वॉर्डांत सोमवारपासून लाल पिशव्या, असं ठरलं. सुई-बिई नाही ना, हे बघूनच नर्सनं पिशवी बांधायची.

जिन्यात येऊन मावशींनी फोन लावला आणि बातमी सांगितली.

“अगं तोफे! केलंस की गं तू!” जोडीदारीण आता एका शाळेच्या वाचनालयात कामाला होती. आनंद झाला तरी कुजबुजतच बोलत होती.

“मग? येतेस ना सोमवारी?”

“इथं फार शांत असतं गं. मला झोप लागते आता.”

“बरं झालं,” मावशी म्हणाल्या. ते त्यांना खरंच वाटलं आणि तरीही भिंतीतल्या दोन खुंट्या डोळ्यांपुढं आल्या.

“रागावलीस?”

“छे.”

“मग सांग तरी, काय काय बोललीस. पहिल्यापासून सांग. मला घाई नाही.”

मावशी पायरीवर बसल्या. विसरलेली वाक्यं एकेक करून परत यायला लागली.