चित्रं माणसांवर टांगणारी उज्ज्वला

चार शिक्षिका आणि एक डबा एकत्र आला की किस्से साचतातच. त्यात आमच्याकडे उज्ज्वला! जळगावच्या आमच्या शाळेत ती चित्रकला शिकवायची, मी मराठी. ती शाळेतून गेली, पण मधल्या सुट्टीत विषय अजून तिचाच.

*

शाळेने चित्रकलेचा तास बंद केला आणि तिची नोकरी गेली. आम्ही रडवेल्या. ही शांतपणे ब्रश धुवत होती.

"आता काय करणार गं?" मी विचारलं.

"भिंतीवरचं चित्र लोक चार दिवसांत विसरतात. आता माणसांवरच टांगते!"

आम्हाला वाटलं, धक्क्याने बोलतेय. महिन्याभरात बाई स्वतः घडवलेली मातीची केळफुलं कानात घालून भेटायला हजर!

*

सुरुवातीला भट्टी कुठली? तिच्या सासूबाई, म्हणजे अक्का, अंगणात भरिताची वांगी भाजत होत्या. हिने हळूच निखाऱ्यात मातीचे मणी सरकवले.

जेवताना अक्का घास चावता चावता थांबल्या. तोंडातून एक लाल मणी काढला.

"उज्ज्वला, हाई बी खावानं शे का वं?"

उज्ज्वलाने मणी धुतला, उजेडात धरला आणि ओरडली, "अक्का, तुटला नाही! पक्का भाजलाय!"

*

मग केळीच्या सोपटाचं, म्हणजे खोडाच्या सालींचं वेड लागलं. त्याचा धागा काढून पर्स विणायच्या होत्या. पहूरच्या एका शेतकऱ्याकडून तिने अख्खं खोड आणलं, तेही एसटीने!

कंडक्टर वैतागला. "ताई, याचं तिकीट कसलं फाडू?"

"सध्या सामानाचं फाडा, भाऊ. पर्स झाली की माझ्या खांद्यावर बसून फुकट येईल!"

*

धुळ्याच्या प्रदर्शनाआधी तिची पहिली खरी भट्टी लागली, आणि जवळजवळ सगळा माल तडकला. सगळ्या उन्हाळ्याची मेहनत! आम्ही समजूत घालायला धावलो. दार उघडलं तेव्हा डोळे सुजलेले होते, पण हात चालू होते. तुकडे एका आरशाच्या चौकटीवर चिकटवत होती.

"रडून झालं," म्हणाली. "कानातलं बघायला आरसा लागतोच ना!"

धुळ्यात सगळ्यात आधी तो आरसाच गेला.

*

तिथेच एका बाईंनी झुमका उचलून विचारलं, "पडला तर फुटेल का हो?"

"हो."

"मग?"

"पाडू नका!"

बाई हसल्या आणि तिथल्या तिथे घालून गेल्या.

*

आणि हा नरडाण्याचा. मी सोबत होते.

तिथल्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या एका मुलीचं लग्न होतं. बौद्ध पद्धतीचं, पांढरी साडी. तिने उज्ज्वलाकडून पांढऱ्या मातीची कानातली मागवली. एकसारखे दोन जोड.

"दुसरा आईला," ती म्हणाली. "बाबा गेल्यापासून तिने कानात काही घातलं नाही. कुणी अडवलं नाही, तिनेच सोडलं. आताही घालणार नाही. पण तुम्ही बनवा."

लग्नाच्या सकाळी आम्ही दोन्ही जोड घेऊन गेलो. मुलीने घातला. आईने आपला जोड तळहातावर घेतला, बराच वेळ बोटाने कुरवाळला.

"भलता छान शे," त्या म्हणाल्या. मग कानाची पाळी चाचपली. "पन मन्हा कानना भोकं बुजाई गयात ना, माय."

मुलीने मान खाली घातली.

पाट ओढून आई उज्ज्वलासमोर येऊन बसल्या. कानामागे केस सारले आणि तिच्या पिशवीकडे बोट दाखवलं.

"तुनाजोडे सुई शे ना? मंग टोच!"