मामांची मूठ

युरोपातली धर्मसुधारणा जर्मनीत झाली असं लोक म्हणतात. माझ्या मते ती माझ्या बायकोच्या मामांच्या मुठीतून झाली. सांगलीच्या शाळेत जन्मभर इतिहास शिकवून निवृत्त झालेले मामा डब्लिनला आमच्या सँडीफोर्डच्या फ्लॅटवर आले, आणि पहिल्याच दिवशी ती सुरू करणाऱ्या जर्मन भिक्षूने चर्चच्या दारावर पोपविरुद्धचे आपले आक्षेप कसे ठोकले, हे त्यांनी जेवणाच्या टेबलावर मूठ आपटून करून दाखवलं. आमटी सांडली. "देव आणि माणूस यांच्यामध्ये दलाल कशाला, जावईबापू?" असं म्हणत त्यांनी ती पुन्हा वाढून घेतली. पुढे लुआस ट्राममध्ये, दुकानात, कुठेही गोरा माणूस दिसला की मामा विचारायचे, "यू, कॅथलिक ऑर प्रॉटेस्टंट?" आपल्याकडे एसटीत शेजारच्याला आडनाव विचारावं इतक्या सहज! या देशात हा प्रश्न असा विचारत नाहीत, हे मी दहादा सांगून पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं आणि मी खिडकीबाहेर बघत राहायचो.

मामांची एकुलती एक मुलगी तासाभरावर, पोर्टलीशला, डॉक्टर होती. तिने जातीबाहेर लग्न केल्यापासून मामा तिच्याशी बोलत नव्हते. एकदा तरी त्यांनी तिच्या घरी जावं, म्हणून आमच्या हिचा जीव तुटायचा. पण मुलीचा विषय निघाला की मामा लगबगीने भिक्षूकडे वळायचे.

एके दिवशी लिफ्टमध्ये त्यांनी शेजारच्या आजीबाईंनाही तोच प्रश्न विचारला. मी शरमेने माफी मागू लागलो.

"छे, ग्रँड! काही हरकत नाही," त्या हसल्या. "मी कॅथलिक, नवरा प्रॉटेस्टंट. वडील लग्नाला आले नाहीत. त्यांचं घर आमच्या समोरच होतं. कधीतरी हाक मारतील म्हणून मी पडदा उघडा ठेवायचे. ते वारले तोवर."

मी मराठीत सांगायला लागलो.

"समजलं मला," मामा म्हणाले.

त्या दिवशी आमटी सांडली नाही. हात धुतल्यावर त्यांनी टॉवेलकडे बघतच विचारलं, "पोर्टलीशला गाडी कधी असते?"

रविवारी तिच्या दारापुढे मामांनी ठोठावायला मूठ उचलली आणि तशीच खाली घेतली. "तुम्हीच वाजवा, जावईबापू," ते पुटपुटले. "मला लाज वाटते."

मी बेल दाबली. आतून पावलं वाजली, तसे मामा माझ्या मागे सरकले, वर्गाबाहेर उभं केलेल्या पोरासारखे.