मास्तरांच्या पायांचं दुखणं

मास्तर म्हणजे शिंपी. चाळीस वर्षं कोट शिवले, त्यांच्या कापाला नावं ठेवायची कुणाची टाप नव्हती. साठी उलटली आणि पायांनी दगा दिला. बसल्या जागी मांडीतून पोटरीपर्यंत अशी कळ जायची, की ओठांत धरलेली टाचणी गळून पडायची. मशीनच्या पॅडलवर पाय आहे की नाही, हे वाकून बघावं लागायचं. तोंडाला साबण लावून डोळे मिटले, की तोल जायचा.

"वय झालं," एक डॉक्टर म्हणाले. दुसऱ्यांनी साखर तपासली. तिसऱ्यांच्या मते शीर दबली होती. चौथ्यांनी मणक्याच्या ऑपरेशनची तारीखच दिली. तीन वर्षं गोळ्या चालल्या. बायको म्हणायची, "कपाट औषधांना द्या, कपडे खुंटीवर टांगू."

ऑपरेशनसाठी मास्तर दवाखान्यात दाखल झाले, तेव्हा तपासायला एक तरुण डॉक्टरीण आली.

"पाय जुळवून उभे राहा. आता डोळे मिटा."

मास्तर सरळ तिच्या अंगावर कलले. तिने सावरलं, बसवलं, डोळ्यांत बॅटरी मारली. बाहुल्या उजेडाने बारीक होईनात. बोट जवळ आणलं की मात्र होत. तिने मास्तरांच्या बायकोला बाहेर बसायला सांगितलं.

"काका, तरुणपणी कधी लाजेच्या जागी जखम झाली होती?"

मास्तरांची कानशिलं तापली. बाविसाव्या वर्षी, परगावी कारखान्यात असताना झाली होती. दुखली नाही, आपसूक भरली. लग्न त्यानंतर दहा वर्षांनी झालं. विषय तिथेच गाडलेला.

रक्ताची पहिली तपासणी निर्दोष आली. मास्तर सुटलो म्हणून हसले. डॉक्टरीण हसली नाही. "इतक्या जुन्या दुखण्यात ही तपासणी फसवते कधीकधी." तिने दुसरी केली, मग पाठीतलं पाणी काढलं. तेव्हा कुठे चोर सापडला. सिफिलिस. जुनी माणसं गरमी म्हणत, तीच. चाळीस वर्षं अंगात दबा धरून बसलेली.

"काकूंचंही रक्त बघावं लागेल. त्यांना तुम्ही सांगा."

दवाखान्याच्या बाकावर, फरशीकडे बघत मास्तरांनी बायकोला सांगितलं. ती उठून रक्त देऊन आली. तिच्या रक्तात काही निघालं नाही, तेव्हा तिचा बांध फुटला.

"चार डॉक्टर झाले! एकालाही सांगवलं नाही?"

"कुणी विचारलंच नाही गं."

"आणि मला?"

दोन दिवस ती कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी डबा घेऊन आली आणि खाटेशेजारी बसून राहिली.

चौदा दिवस शिरेतून पेनिसिलिन दिलं. ऑपरेशन रद्द झालं. कळा कमी झाल्या. तळव्यांची गेलेली जाणीव मात्र आली नाही. डॉक्टरणीने ते आधीच सांगितलं होतं: पुढचं थांबेल, गेलेलं येईलच असं नाही.

आता मास्तर उंच स्टुलावर बसून कापतात, मशीनवर बायको बसते. शिवण वाकडी गेली की मास्तर ओरडतात.

"ओरडा खुशाल," ती म्हणते, "पण उसवायचं तुम्ही."

मास्तर चष्मा पुसतात आणि उसवायला बसतात.