दोन बर्नरची शेगडी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे शेंगाची चटणी. शनिवारी सकाळी. उखळाशी मी, पाटावर माझी बायको. तिच्या डाव्या हाताला डायलिसिसच्या सुया टोचायच्या, त्या हातानं जड उचलायचं नाही म्हणून सांगितलेलं. मग मुसळ माझ्याकडं आलं.

"अवं, माग चालवताय व्हय? हळू घाला की. तेल सुटलं पायजे, शेंगा पळून जायला नगंत."

शेंगा तिला बंद होत्या. चव घेता येत नव्हती, म्हणून नुसता वास घेऊन सांगायची, मीठ कमी हाय, लसूण जास्त झाला. आणि बरोबर निघायचं. डबा भरून झाल्यावर म्हणाली, "तुमी कुटली म्हणून सांगू नका त्याला. खाणार न्हाय."

तो म्हणजे आमचा पोरगा. एकुलता. चटणी त्याच्यासाठी, कारण रविवारी तो बायको-पोरीला घेऊन घरी परत यायचा होता. कायमचा. पण तो गेला का होता, ते आधी सांगतो.

मी चौथी शिकलेला, सगळा जन्म कापड विणायच्या मागावर गेला. तिनं विड्या वळल्या. तिच्या किडन्या गेल्या तेव्हा डॉक्टर म्हणाले, आठवड्यातून दोनदा रक्त धुवायचं, जन्मभर. पैसे भरून करायचं म्हटलं तर दोन महिन्यांत घर विकावं लागलं असतं. सरकारी योजनेत फुकट होतं, पण त्याला केशरी रेशनकार्ड पाहिजे. आमच्या कार्डावर पोराचं नाव. त्याचा एमआयडीसीतला पगार धरला की कार्ड पांढरं होणार. दाखले काढून देणारा म्हणाला, "बाबा, पोराचं नाव कमी करा. चूल वेगळी दाखवा."

गल्लीतले सगळे म्हणाले, दाखवा की, दाखवायला काय जातंय. नाव कापा, पोरगं घरातच ठेवा. मलाही ते पटलं होतं. खोटं कशाला बोलू.

ती ऐकेना. "सरकारचं मशीन फुकट घ्यायचं आन सरकारलाच फसवायचं? मला तितं चार चार तास पडून ऱ्हायचंय. मनात ते घिऊन न्हाय पडायची मी."

"मग काय पोराला घराबाहेर काढतीस?"

"दोन गल्ल्या पलीकडं खोली मिळतीया. खरंच वेगळा होऊ दे."

पोरगा खोली घेऊन गेला. जाताना तिनं आमची दोन बर्नरची शेगडी त्याला दिली. म्हणाली, पोरीचं दूध एकावर, भाजी एकावर, आपल्या दोघांस्नी एक बर्नर पुरं. मी एका बर्नरची जुनी शेगडी दुरुस्त करून आणली. दोन बर्नरच्या शेगडीच्या चार पायांच्या खुणा ओट्याच्या फरशीवर तशाच राहिल्या. ती रोज ओटा पुसायची, पण त्या चार खुणांच्या मधे कधी काही ठेवलं नाही. एकदा मी तिथं पिठाचा डबा ठेवला, तर तिनं तो उचलून माझ्या मांडीवर आणून ठेवला.

तिच्या पथ्यासाठी मी भाजी दोनदा उकळून पाणी ओतून द्यायला शिकलो. ती म्हणायची, "भाजी करताय का धुणं धुताय?" आणि तीच पुळकवणी भाजी गुमान खायची. पोरगा रोज कामावरून येता-जाता दारात उभा राहायचा. नात मात्र संध्याकाळी परत जाताना रडायची. ती गेली की ही भिंतीकडं तोंड करून पडायची. असं दीड वर्ष.

चटणीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, दवाखान्यात योजनेच्या टेबलावरच्या पोरीला मी सहज विचारलं, "बाई, पोराचं नाव कार्डावर असतं तर काय झालं असतं?"

ती म्हणाली, "आजोबा, आता पांढऱ्या कार्डालाही चालतंय की. नियम कधीच बदललाय. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

कोण सांगणार? आणि मी तरी कुणाला विचारलं? नियम एकदा ऐकला तो ऐकला. दीड वर्ष मी तोंड उघडलं नाही, ही माझी चूक. रिक्षात बसल्यावर मी तिला तसं म्हटलं. मला वाटलं, भडकेल. ती म्हणाली, "मंग आता रविवारी आणू त्याला. शनिवारी चटणी कुटू."

शनिवारी चटणी झाली. दुपारी जरा पडते म्हणाली. चार वाजता चहा घेऊन गेलो. अर्धा कप, तिला तेवढाच चालायचा. दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारायची हिंमत झाली नाही.

संध्याकाळी स्मशानातलं सगळं आटोपलं.

रविवारी सकाळी पोराला म्हटलं, "तुझ्या खोलीची किल्ली दे."

"कशाला, अण्णा?"

"शेगडी आणायची हाय."

"आज? अण्णा, सुतक हाय. लोक काय म्हणतील?"

"लोकास्नी इचारून रविवार ठरवला नव्हता तिनं."

किल्ली घेतली. तो मागून येत होता, त्याला परत पाठवला. खोलीवर जाऊन नळी काढली, शेगडी खांद्यावर घेतली आणि दोन गल्ल्या चालत आलो. दारातली माणसं बाजूला झाली. ओट्यावर चारी पाय चार खुणांवर बसवले. पेटवायची नव्हती, म्हणून नळी जोडली नाही.

शेजारच्या घरून भाकरी आली. पोरगा घास उचलेना. मी चटणीचा डबा उघडून त्याच्यापुढं सरकवला.

म्हटलं, "खा. तिनं कुटलीया."