चुकलेला कागद

कोरा कागद घेऊन आलेल्या माणसाला मिस घरात घेत नसत. दारातच हात पुढे करायच्या, कागद उलटापालटा करून बघायच्या आणि म्हणायच्या, "हेच्यार काय नाय गो. आधी चुकव, मगे ये." गणित चुकवून नेलं, की मात्र खुर्ची, पाणी आणि घरची नारळाची बिस्किटं.

मिस म्हणजे मालवणच्या आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाई. निवृत्त होऊन त्या एकट्याच राहत होत्या. कडक इस्त्रीचा फ्रॉक आणि पायात पुरुषी चपला, अशा बाजारात निघाल्या की जुने विद्यार्थी अजूनही विडी लपवायचे.

मी धामापूरची. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला भौतिकशास्त्रात नापास झाले आणि पेपरच कठीण होता म्हणून गावभर सांगत सुटले. माझी मैत्रीण त्याच पेपरात पहिल्या वर्गात आली होती, ते सांगायचं तेवढं राहून जायचं. बाबांनी वाद घातला नाही. काजूच्या बिया उन्हात पसरता पसरता एवढंच म्हणाले, "आणि एक वर्ष देतंय. परत नापास झालंस तर पुस्तका माळ्यार." माझे बाबा बोललेलं मागे घेणाऱ्यांतले नव्हते. म्हणून दर शनिवारी कॉलेज सुटलं की मी मिसच्या दारात.

पहिले दोन शनिवार दारातूनच परत आले. तिसऱ्या शनिवारी मला भारी युक्ती सुचली. आज नातवंडांना सांगताना लाज वाटते, पण सांगते, कारण त्यांना फार आवडते. मैत्रिणीच्या वहीतून पाच गणितं जशीच्या तशी उतरवली आणि प्रत्येकात हौसेने एकेक चूक घातली. कुठे अधिकचं उणे केलं, कुठे वर्गमूळ गाळलं. मिसना चुका हव्यात ना, घ्या चुका! बिस्किटांच्या आशेने मी जरा केसही नीट विंचरून गेले होते.

मिसनी कागद वाचला. चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "ह्यो चुको तुझो न्हय," त्या म्हणाल्या. "तुझे चुके इतके शाणे नसतत."

मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "झाला? आता ह्या शिडीचा गणित कर. हयसरच बसून. पेनान. खोडू नको, एक रेघ मार, वाचूक येवक व्हया."

भिंतीला टेकवलेली सहा मीटरची शिडी, ती जमिनीशी चाळीस अंशांचा कोन करते, माणूस किती अंतर चढला की शिडी घसरेल? तासभर घाम गाळून मी उत्तर काढलं, साडेसहा मीटर.

"सा मीटरची शिडी," मिस शांतपणे म्हणाल्या, "आणि मानूस साडेसा मीटर चढलो. मगे तो आता खंय उभो आसा गो? ढगार?"

मी आकृती पुन्हा पुन्हा बघितली. चूक दिसेना.  मिसनी माझ्या आकृतीवर बोट ठेवलं. "ही शिडी कोणाची?"

तेव्हा दिसलं. मी काढलेली शिडी आमच्या घरची होती. आंबे उतरवायला बाबा लावायचे तशी, झाडाला चिकटून जवळजवळ उभी. त्या उभ्या शिडीला चाळीस अंश जमिनीशी बसेनात, म्हणून मी ते मुकाट वरच्या टोकाला, भिंतीशी नेऊन ठेवले होते. गणितातली शिडी बिचारी आडवी पसरलेली होती आणि मी वाचलंच नव्हतं.

"ही तुझ्या बापाशीची शिडी. माका पुस्तकातली दाखय," मिस म्हणाल्या आणि बिस्किटांचा डबा उघडला.

ते वर्ष मी हट्टाला पेटून चुकत राहिले. एसटीत, पाणी तापेपर्यंत चुलीपुढे, काजू सोलताना काळ्या पडलेल्या बोटांनी. एक वही भरली, दुसरी भरली. मिसनी एकदाही उत्तर सांगितलं नाही. "हयसर कित्याक?" इथे असं का, एवढाच त्यांचा प्रश्न. मला वाटायचं, म्हातारी खडूस आहे, सांगितलं तर हिचं काय जातं?

पास झाले. काठावर नव्हे, चांगली पास. पेढे घेऊन गेले तर दारात ट्रंक बांधलेली. मिस गोव्याला, बहिणीकडे, कायमच्या निघाल्या होत्या.

"आणि तिसऱ्या वर्षाक मी काय करू?" मी जवळजवळ ओरडलेच. "तुमी नाय तर कोण शिकयतला?"

मिस ट्रंकेवर बसल्या. पेढा तोंडात टाकला. "चेडवा, तिसऱ्या वर्षाचा माका येना नाय. दुसऱ्याचाय येना नव्हता. पैल्या वर्षाक असताना पप्पा गेले, आणि माजा कॉलेज सुटला. ह्या वर्सा तुझा पुस्तक इकत हाडून वाचलंय. तू खंय अडलंस ता बघून माका कळला, मी खंय अडलंय ता."

 वर्षभर जिला खडूस म्हटलं, ती माझ्या बरोबरीने दुसऱ्या वर्षात बसली होती!

"मगे माका आधी ता कित्याक सांगूक नाय?"

"सांगला असता तर तू इली असतंस?"

नसते आले. तेव्हाची मी तर मुळीच नसते आले.

मिस गेल्या. त्या संध्याकाळी मी तिसऱ्या वर्षाचं पुस्तक उघडून ओटीवर बसले. पहिलं गणित चुकलं. पुन्हा केलं, पुन्हा चुकलं. आई जेवायला हाका मारून दमली. शेवटी बाबा स्वतः बाहेर आले, रेघा मारलेली माझी वही बघितली आणि आत जाऊन आईला म्हणाले, "झाकून ठेव. चेडू आता उठूचा नाय."