ओहोळाकाठी थोडा वेळ

संतोष भोईर खालापूरजवळ द्रुतगती मार्गावर रुग्णवाहिका चालवतो. अपघाताचा फोन आला की गाडी काढायची, जखमींना उचलायचं, हॉस्पिटल गाठायचं. सुरुवातीला तो घरी येऊन सगळं सांगायचा. पुढे सांगणं बंद झालं.

दोन वर्षांपूर्वी एका अपघातातून त्याने सात-आठ वर्षांची मुलगी उचलली. "काका, हळू चालवा ना, दुखतंय," ती मागून म्हणाली. त्याने वेग कमी केला नाही. करून चाललंच नसतं. हॉस्पिटल यायच्या आधीच ती गेली. डॉक्टर म्हणाले, "तुझ्या वेगाने काही बिघडलं नाही. ती वाचण्यासारखी नव्हतीच." पण संतोषच्या कानातून तिचे शब्द जाईनात. जेवताना हात थरथरू लागले. बायकोने, भाग्यश्रीने, काही विचारलं की तो तिच्या अंगावर ओरडायचा. स्वतःच्या मुलीकडे बघणंही टाळायचा.

एका सकाळी ड्युटी संपली, पण घरी जाववेना. कर्जतच्या रस्त्यालगत एक ओहोळ आहे, तिथे त्याने मोटरसायकल थांबवली. जवळच्या वाडीवरची म्हातारी मंगळी सरपणाची मोळी उतरवून बसली होती. तिने त्याचे हात पाहिले.

"आजारी हायस का रं?"

"नाय, मावशी."

"मंग पाण्यात घाल ते हात. घाई नाय ना कसली?"

घाई नाही ना, असं त्याला कित्येक वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. तो काठावर बसला, हात पाण्यात सोडले. गार पाणी बोटांमधून जात राहिलं. समोरच्या दगडावर खंड्या येऊन बसला, उडाला, पुन्हा बसला. संतोषला रडू फुटलं. मंगळीने मोळी डोक्यावर घेतली आणि मागे न बघता निघून गेली.

मग ड्युटीवरून येताना तो रोज तिथे थांबू लागला. फोन मोटरसायकलच्या बॅगेत टाकायचा, चपला काढायच्या. उन्हाळ्यात ओहोळ आटला, तेव्हा काठावरच्या करंजाला पाठ टेकून नुसता बसायचा. हातांची थरथर कमी झाली.

एका रविवारी त्याने भाग्यश्रीला तिथे नेलं आणि त्या मुलीचं सगळं सांगितलं. तिने मध्ये अडवलं नाही.

"नाव काय होतं तिचं?"

"म्हायत नाय. विचारायला वेळच नव्हता."

भाग्यश्रीने चपला काढल्या आणि त्याच्याशेजारी करंजाला पाठ टेकली.

संतोष अजून तेच काम करतो. काही सकाळी काठावर बसूनही मन निवत नाही. मग घरी येऊन तो एवढंच म्हणतो, "आज बोलायला नको." भाग्यश्री ताट वाढते आणि त्याच्याशेजारी बसून राहते.